यादीत वहिनींचं नाव

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. वहिनींचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"वहिनी, चर्चमधली माणसं मदतीला घरी येतात, तर तुम्ही दारच उघडत नाही म्हणे?"

"अगं, वैताग आलाय नुसता! सोमवारी चार डबे आले, चारही डब्यांत सूप. एकीनं तर भांडी अशी लावून ठेवली की चहाचं पातेलं अजून सापडत नाहीये."

"इतकी वर्षं यादी तुम्हीच करत होतात ना? कुणाला डबा द्यायचा, कुणाचं घर झाडून द्यायचं..."

"ते गरजू लोकांसाठी गं! मी काय गरजू आहे?"

"एका हातानं वेणी घालता येते का तुम्हाला?"

"तू गप्प बस."

"फादरसुद्धा दारातून परत गेले."

"ते गेले गं. पण तळमजल्यावरची म्हातारी शिंपीण जाईना. तिला दर रविवारी मीच डबा पोचवायचे. काल गुडघे धरत तीन जिने चढून आली आणि दार बडवत बसली."

"मग उघडलंत?"

"सगळा मजला गोळा झाला, काय करणार? म्हटलं, मावशी, या वयात कशाला तडमडलात वर? तर म्हणते, 'बाई, तुम्ही आलात की मी दर रविवारी दार उघडलं ना? आता मुकाट खाली बसा.'"

"आणि?"

"आणि काय! बसले. नऊ दिवसांनी तिनं केस धुतले गं माझे."