वखारीतला खोकला

माझं माह्यार जुन्नरकडच्या मढचं, धनगराचं. बाप मेंढरं राखायचा. सकाळी कळप भाईर काढताना वाटंवर उभा ऱ्हायचा, बोलायचा नाय, नुसता ऐकायचा. येखादं खोकलं की पाय धरून बाजूला, झाडाखाली येगळं बांधायचा. म्हणायचा, पोरी, हे आज आत ऱ्हायलं तर परवा समदी खोकतील. तो कान मलाबी व्हता, काय सांगू तुम्हाला, डोळं मिटून सांगायची कोणतं खोकलं ते.

लगीन करून मंचरला आले. हायवेच्या कडंला पत्र्याच्या खोल्या, भिंतीला भिंत. आमचे मालक हमाली करायचे, मी कांद्याच्या वखारीत निवडायला. माझी लेक सारिका धाव्वी पास झाली आन तीबी शेजारी बसाय लागली. मीच बसवली. वखारीला येक दार, खिडकी नाय, टरफलांचा धुरळा, भाईर ट्रकांचा धूर, तिथं समदीच खोकायची, त्यात येका पोरीचं कुठं ऐकू येणार. टीव्हीवर टीबीचं दाखवायचे, मला वाटायचं तो मुंबईचा रोग. ती म्हणायची, आई, छातीत दुखतंय. मी म्हणायची, टरफल गेलं आसंल, गूळ खा. चार म्हयने गूळ चारला भाऊ मी तिला.

दिवाळीला जुन्नरला धाकट्या भनीकडं गेलो. हिराची आळी मोकळी, दारात अंगण, निवांत. पोरगी उंबऱ्यात खोकली आन हिरा पिठाच्या हातानं तशीच भाईर आली. म्हणली, आक्का, हे कांद्याचं नाय. तू बापाची लेक ना, तुला ऐकू नाय आलं?

तवा कुठं मला ऐकू आलं.

छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, टीबीच. गोळ्या दिल्या, पर लई उशीर झाला व्हता. होळीच्या आदी गेली माझी सारिका. मग नर्सबाई आमच्या खोल्यांवर आली, दारोदार थुंकीच्या डब्या दिल्या, आजून तीन घरांत निघाला. त्या घरातली माणसं बरी झाली, आजून दिसत्यात मला रस्त्यानं. हिराच्या आळीत येकाला नाय. नर्सबाईला इचारलं, आसं का वो, कांदा तर तिकडंबी हाय. ती म्हणली, मावशी, कांद्याचा काय दोष, तुमच्या खोल्यांत, वखारीत वारं कुठनं येतं ते दाखवा मला.

आता वखारीला खिडकी पाडलीय. मी आजून निवडायला जाते, दुसरं काय येतं मला. कुठली पोर पंधरा दिस खोकली की मनगट धरून दवाखान्यात नेते. बाया चिडत्यात, म्हातारीला याड लागलंय म्हणत्यात. लागू द्या.

तुमी लांबनं आलात, बसून ऐकलंत, देव तुमचं भलं करो. पर भाऊ, मगाधरनं तुमी तीनदा खोकलात. उद्या थुंकी दाखवून या, आन मला कळवा.