दहावा गुण

कोथरूडच्या बसथांब्यावर निवृत्त भीमरावांच्या पुढे दोन संशोधक मैत्रिणी उभ्या होत्या.

"कल्याणी, यंदा निधीचे अर्ज कोण तपासतंय?"

"आम्हीच. अर्जदारांनी एकमेकांचे तपासायचे."

"वा! परीक्षार्थीच परीक्षक!"

"मला तपासायला सात अर्ज आलेत. एक भुईमुगाच्या बुरशीवरचा, म्हणजे माझ्याच विषयावरचा. माझ्या अर्जाहून सरस आहे गं. तो निवडला गेला तर माझा गेलाच."

"मग दे दहापैकी चार. तुझं नाव थोडंच कळणार आहे?"

"चार द्यायलाच बसले होते. पण वाचता वाचता त्यातला प्रयोगच आवडायला लागला."

"शेवटी किती दिलेस?"

"नऊ."

भीमरावांची बस आली. त्यांनी ती जाऊ दिली.

"एवढा आवडला, तर एक का कापलास?"

"संदर्भांच्या यादीत माझा शोधनिबंधच नाही!"