ढगात हरवलेलं बाकडं

विषय : सोसायटीच्या फाटकाजवळ बाकडे बसवणेबाबत. संदर्भ : माझा एक अर्ज आणि त्यावरची दहा स्मरणपत्रं... दहा! छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, तुम्हाला सांगतो, लोकांची स्मरणपत्रं घेतली, स्वतः पाठवायची वेळ पहिल्यांदाच आली! आणि मागतोय काय, हेलिपॅड? आमच्या हिचे, अरुणाचे, गुडघे गेलेत, भाजी घेऊन करंजाड्याच्या बाजारातून येते, फाटकापासून आमची विंग लांब, मग वॉचमन बंडूच्या खुर्चीवर टेकते आणि तेवढा वेळ बंडू बिचारा झेंडावंदनाला आल्यासारखा उभा! आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

तर सेक्रेटरी विश्वजितची मुलगी प्राची, कोड लिहिते. तिनं सोसायटीच्या वेबसाइटवर शब्दांचा ढग केला. "काका, सिंपल आहे हो! कोड तक्रारींचं पान वाचतो, शब्द मोजतो. जास्त वेळा आला तो मोठा, कमी आला तो बारीक." की लगेच विश्वजित, "बेस्ट! सगळ्यात मोठा शब्द, तो मीटिंगला पहिला विषय. अर्ज वाचायचं टेन्शनच नाय!"

माझा अर्ज आणि स्मरणपत्रं त्याच तक्रारींच्या पानावर टाकलेली. मी पान उघडलं. बी विंगच्या रणजीतनं तीन ओळींत नऊ वेळा 'पार्किंग' लिहिलेलं, ते हे एवढं! त्याच्या डोक्यावर त्याहून मोठं... 'सदर'. शेजारी 'उपरोक्त'. आणि बाकडे? चष्मा पुसला, पान मोठं केलं, तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढं सापडलं! अहो, कचेरीची शिस्त आहे, विषय पहिल्या अर्जात एकदा लिहायचा, पुढे सगळीकडे 'सदर विषय', 'उपरोक्त मागणी'. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

विश्वजितचा फोन, "काका, हे सदर कुठल्या विंगला आहे? प्लंबर पाठवू का?"

प्राची म्हणाली, "सॉरी काका, बिनकामाच्या शब्दांची यादी असते, कोड ते मोजत नाही. त्यात टाकते हं." टाकलं! सदर गेलं, उपरोक्त गेलं, एका बटणात माझी छत्तीस वर्षांची नोकरी बिनकामाची... मुंगी तेवढी उरली.

अरुणा म्हणाली, "अहो, लिहा ना सरळ, बाकडे, बाकडे, बाकडे! कोण तुमचं इन्क्रिमेंट कापतंय?"

हात वळेना हो. पण तिचे गुडघे बघितले आणि लिहिलं, बाकडे हवे, बाकडे द्या, बाकडे कधी, बाकडे का नाही... शाळेत मास्तरांनी शिक्षा दिल्यासारखं चाळीस वेळा! सकाळी पान उघडलं तर पडदाभर बाकडे, पार्किंग त्याच्या पायाशी!

मीटिंगला पहिला विषय. विश्वजित उभा राहिला, "मित्रांनो, बाकड्याला तर प्रचंड डिमांड आहे! असं घाईत एक बसवून कसं चालेल?" झालं! रणजीतला ते पार्किंगपाशी हवं, राजश्रीताईंना त्यांच्या खिडकीखाली अजिबात नको, सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी ठरलं, प्रत्येकानं जागेबद्दल लेखी अर्ज द्यायचा आणि छाननीला माणूस नेमायचा. कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता मला सांगा, यात माझं...

असो. तेवीस अर्ज आले. प्रत्येकाला आवक क्रमांक दिलाय, फाइलला लाल नाडी बांधलीय, खरं सांगू, निवृत्तीनंतर इतकी छान झोप पहिल्यांदाच लागली. बंडूनं घरून दुसरी खुर्ची आणलीय, अरुणा तिथेच बसून त्याच्याशी गप्पा मारत मेथी निवडते. काल तिनं विचारलं, "अहो, आता कुणाच्या टेबलावर अडकलंय?"

माझ्याच. अर्ज प्रलंबित आहे.