ट्रिबल नावाचं खेचर

केझाया : पुन्हा म्हण.

एमस : ट... ट... ट...

केझाया : घाई नको. श्वास घे आणि खेचराकडे बघून म्हण.

एमस : ट्रिबल.

केझाया : बघ, कसं खणखणीत निघालं! आता माझ्याकडे बघून म्हण.

एमस : ट... ट...

केझाया : अरे देवा, याला करू तरी काय!

डॅबनीकाका : पोरी, इतकी वर्षं संसार केलास तरी तुझ्यापुढे ज्याची जीभ सुटली नाही, त्याची आज कोर्टाच्या आवारात सुटणार होय?

केझाया : काका, तुम्ही जरा गप्प बसा. आधीच माझ्या पोटात गोळा आलाय.

डॅबनीकाका : गप्प? सगळा जन्म गप्प बसलो मी. गुलामगिरी गेली तरी गप्पच. यंदा कुठे मत मिळालंय, आज बोलायला आलोय! आत जाऊन बोलूनही आलो.

केझाया : तुमचं काय, तुमची जीभ तुमच्याआधी जन्माला आली. ओहायोत म्हणे नुसती चिठ्ठी टाकतात पेटीत. आमच्याच केंटकीला काय अवदसा आठवली कोण जाणे! नाव तोंडाने घ्यायचं, तेही भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत!

डॅबनीकाका : गोऱ्यांचं जुनं चालत आलंय ते. कारकून विचारतो, काउंटीचा जज्ज कोण हवा? आपण नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार तिथेच बसलेला असतो. तो उठतो, टोपी काढतो आणि म्हणतो, आभारी आहे, मिस्टर अमके. मी धन्याचे घोडे धरून त्या खिडकीखाली उभा राहायचो नि ऐकायचो. नुसतं नाव घेतलं तर एवढे आभार! मग राबणाऱ्याला कुणीच का काही म्हणत नाही, असं वाटायचं मला.

केझाया : तुम्हाला म्हणाला तो खोगीरवाला ट्रिबल?

डॅबनीकाका : म्हणाला की! मी तर परत एकदा म्हणा म्हटलं. कारकुनाने हाकललं.

केझाया : आणि दुसरा उमेदवार, मेजर प्रेविट? तोही आत बसलाय?

डॅबनीकाका : समोरच, खुर्ची टाकून. कोण कोणाचं नाव घेतो ते कान देऊन ऐकतोय.

एमस : प्रेविट.

केझाया : ऐकलंत? हेच माझं मरण! हे नाव कसं सटकन बाहेर पडतं बघा. लहानपणापासून 'हो प्रेविटसाहेब, आलो प्रेविटसाहेब' घोटून घेतलंय याच्याकडून. तिथे ट ट करता करता जीभ घसरली आणि हे निघालं, की कारकून लिहून मोकळा. माझा नवरा आपल्या जुन्या धन्याला मत देऊन येणार! त्या धन्याविरुद्ध लढाईत याने बंदूक उचलली होती, काका. तो दक्षिणेकडून, हा उत्तरेकडून.

एमस : न... नाही देणार.

केझाया : तुझं मन नाही देणार रे. जिभेची हमी कोण घेणार?

डॅबनीकाका : पण या खेचराचं नाव तर जनरल होतं ना?

केझाया : होतं. पलटणीतून सुटला तेव्हा हे जनावर घेऊन आला. जनावराशी बोलताना हा कधी अडखळत नाही, काका. एका अक्षराला नाही. म्हणून ट्रिबलसाहेब उभे राहताहेत कळलं, त्याच दिवशी मी खेचराचं बारसं केलं. सगळा उन्हाळा मेजरच्या तागाच्या शेतात चाललंय, ट्रिबल चल, ट्रिबल थांब, ट्रिबल लाथ मारू नकोस.

डॅबनीकाका : आणि खेचराला चाललं?

केझाया : कसलं चालतंय! किती दिवस रुसलं होतं. जनरलचा एकदम खोगीर शिवणारा झाला ना तो!

डॅबनीकाका : ट्रिबलला कळलं तर काय म्हणेल बिचारा!

केझाया : मला आत सोडलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं. याच्या वतीने मीच बोलत आलेय सगळीकडे. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हासुद्धा दोघांचं 'हो' मीच म्हटलं.

डॅबनीकाका : बायांना आत मज्जाव आहे. खिडकीखालीसुद्धा उभं राहू देत नाहीत. शेरीफचा माणूस मघाशीच सगळ्यांना हाकलत होता.

एमस : केझाया, प... पायऱ्या.

केझाया : हो रे. मीही बघितल्या. तू नको बघूस तिकडे.

डॅबनीकाका : पायऱ्यांचं काय?

केझाया : याच पायऱ्यांवर याच्या आईचा लिलाव झाला. मेजरच्या बापाने विकली तिला. हा एवढासा. गाडीमागे आई, आई करत धावला, तर तोंडावर चाबूक बसला. तेव्हापासून जीभ ही अशी.

डॅबनीकाका : आणि इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीस, एमस?

केझाया : बोलेल कसा, काका?

एमस : म... मी जातो.

केझाया : थांब, कॉलर नीट करू दे. हे बघ, काहीही निघालं तोंडातून, तरी सरळ माझ्याकडे यायचं. लाजून कुठे नदीकाठी जाऊन बसायचं नाही. मक्याची भाकरी बांधून आणलीय, दोघं मिळून खाऊ. जा. काका, तुम्ही जा ना याच्यामागे. दारात तर उभे राहाल?

(दुपार कलल्यावर, परतीच्या वाटेवर. तिघं गाडीत, गाडीला खेचर.)

डॅबनीकाका : मी सांगतो!

केझाया : नवरा माझा, तोंड त्याचं. त्याला सांगू द्या.

डॅबनीकाका : त्याचं सांगून होईस्तोवर नाताळ येईल!

एमस : स... सांगू दे त्यांना.

डॅबनीकाका : तर कारकुनाने विचारलं, जज्ज कोण हवा? हा उभा. ट ट ट. मागचे गोरे फिदीफिदी हसायला लागले. मेजर तेवढा हसला नाही. गोड आवाजात म्हणतो, एमस, घाबरू नकोस. माझंच नाव घ्यायचंय ना तुला? नुसती मान हलव, कारकून लिहील.

केझाया : जळो मेल्याचा गोडवा!

डॅबनीकाका : कारकुनाने टाक दौतीत बुडवला. याचा सदरा घामाने चिंब. मी तर डोळेच मिटले. म्हटलं, गेलं आता!

केझाया : मग रे?

एमस : क... कान दिसले.

केझाया : कुणाचे?

एमस : य... याचे. खिडकीत.

डॅबनीकाका : खिडकीच्या कठड्यावर हे दोन लांब कान! अगं, गाडीपासून सोडवून तिथे कशाला नेलंस याला?

केझाया : बायांनी खिडकीखाली उभं राहायचं नाही, असा हुकूम होता. खेचराला कुणी काही सांगितलं नव्हतं.

डॅबनीकाका : शाबास गं माझी पोरगी!

केझाया : शेरीफचा माणूस आला ना खेकसत. मी लांब झाडाखालून म्हटलं, साहेब, सरकारी पलटणीतलं जनावर आहे, तुम्हीच हलवून बघा. एक लाथ खाल्ली आणि गेला.

डॅबनीकाका : आणि आत हा ओरडला! शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी द्यावी तसा. ट्रिबल! इलायस ट्रिबल! कारकुनाच्या हातून शाई सांडली कागदावर.

केझाया : ते ऐकलं मी. झाडाखालच्या सगळ्या बायांनी ऐकलं. रडायलाच लागल्या. हे खेचर तर बोलावलं म्हणून भिंतीवर डोकं घासायला लागलं. पण पुढचं ऐकू नाही आलं. ट्रिबल उठला का?

डॅबनीकाका : हे मात्र त्यानेच सांगावं.

एमस : उ... उठला. टोपी काढली. म्हणाला, आभारी आहे, मि... मिस्टर कॅलोवे.

केझाया : मिस्टर?

एमस : मि... मिस्टर.

केझाया : सगळ्यांसमोर? मेजरसमोर?

एमस : हं.

केझाया : देवा, तुझे उपकार रे बाबा. आता मला काही नको.

डॅबनीकाका : तो निवडून यायचा नाही हं, पोरी. उगाच आशा धरू नकोस.

एमस : न... नसू दे. लि... लिहिलं गेलं.

डॅबनीकाका : आणि एक राहिलंच. दारात मेजर म्हणाला याला, शनिवारपर्यंत माझ्या शेतावरची खोली मोकळी कर.

केझाया : शनिवार कशाला? खोली सकाळीच मोकळी झालीय. गोणपाटाखाली काय आहे, बघा.

डॅबनीकाका : अरेच्चा! तवा, कढया, गोधड्या... सगळा संसार?

एमस : स... सकाळीच?

केझाया : मग! तू ट्रिबलचं नाव घेणार म्हणजे मेजर घराबाहेर काढणार, हे काय मला कळत नव्हतं? तू आरसा लावून दाढी करत होतास तेव्हाच बांधलं सगळं.

एमस : म... म्हणजे तुला ख... खात्री...

केझाया : होतीच मुळी.

डॅबनीकाका : मग तो पोटातला गोळा?

केझाया : तोही होता. दोन्ही होतं. बायकोच्या पोटात पुष्कळ मावतं, काका.

डॅबनीकाका : आता गुपचूप माझ्याकडे चला. मागची खोली रिकामी आहे. एका कोपऱ्यात गळते, तेवढं एमस बघेल.

केझाया : काका, तुमचे उपकार...

डॅबनीकाका : पुरे. आज आभार ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

एमस : थ... थांबव गाडी.

केझाया : का रे? बरं नाही वाटत का? अरे, खाली कशाला उतरतोस? टोपी घाल आधी, ऊन बघ किती आहे!

एमस : आ... आ...

डॅबनीकाका : सांगू का मी, काय म्हणतोय तो?

केझाया : नको. काका, तुम्ही नका बोलू. मीही नाही बोलत.

एमस : आ... आभारी आहे, मि... मिसेस कॅलोवे.

डॅबनीकाका : घ्या! आता हिच्या तोंडून शब्द फुटेना.

एमस : फु... फुटेल. व... वेळ लागू दे तिला.