चौथी पट्टी

साक्षीदार स्त्री, वय ४७, नोकरी: रुग्णालयाच्या हृदयविभागात ईसीजी काढणे, राहणार रुग्णालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. वेळ दुपारी ४.१०.

मी आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आलेच आहे तर ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. आमच्या विभागात ठोके नियमित ठेवणाऱ्या नव्या गोळीची रुग्णांवर चाचणी चालू आहे. माझा दादा आणि वहिनी दोघांनाही धडधडीचा त्रास. तपासण्या फुकट, म्हणून त्यांची नावं मीच दिली.

ईसीजीच्या पट्टीवर एक अंतर मोजतात. ते पाचशे मिलिसेकंदांच्या वर गेलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं, म्हणून गोळी त्याच दिवशी बंद करायची, असा लेखी नियम आहे. पण पट्टी वाईट आली की मोठे डॉक्टर म्हणत, "पाच मिनिटं पडू द्या, परत काढा." चांगली येईपर्यंत काढायची, ती फाईलला लावायची, बाकीच्या फाडायच्या. सगळेच असं करत. मीही केलं.

मागच्या गुरुवारी दादाच्या तीन पट्ट्या पाचशे वीसच्या पुढे आल्या. दादा म्हणाला, "काय गं, माझा फोटो चांगला येईना वाटतं?" मी हसले. चौथी चारशे शहाण्णव आली. ती मी माझ्या हाताने लावली. शनिवारी सकाळी दाढी करता करता तो बेसिनपाशी पडला आणि गेला. पहिल्या तीन पट्ट्या मी फाडल्या नव्हत्या. त्या सोबत देत आहे.

डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की दादाने गोळी चुकवली असणार. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पाचचा गजर लावून गोळी घेते. सोमवारी तिची पट्टी पाचशे चाळीस होती. तीही परत काढली. काल मी म्हटलं, "वहिनी, गोळी बंद कर." ती म्हणाली, "तुझ्याच शब्दावर सुरू केली ना? आता तुझं ऐकू की डॉक्टरांचं?" खरं कारण सांगायला मला तोंड नव्हतं. आज दादाच्या मृत्यूच्या दाखल्याचं काम आहे असं खोटं सांगून तिला सोबत आणलं आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे. इथून उठले की तिला सगळं सांगणार आहे.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना बाहेर गजर वाजला. मी सही न करता बाहेर गेले. वहिनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. म्हणाली, "घेतली गं, चुकवली नाही." परत येऊन सही केली आहे.