टोपलीतली मनी

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीदादा पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. कान मात्र शेजारच्या दोघी जावांकडे लागले होते. थोरलीने झाकणाची टोपली पोटाशी धरली होती.

"आमची मनी माझ्याशी मनातल्या मनात बोलते."

"काहीतरीच हं, जाऊबाई!"

"आत्ताच म्हणाली, मी सुई टोचून घेणार नाही."

"टोपली भलतीच हलकी लागली मघाशी."

"वाळलीय गं. अन्नाला तोंड लावत नाही."

"आता काय म्हणतेय?"

"उन्हात मस्त लोळतेय म्हणे."

"बंद टोपलीत कसलं ऊन?"

"तापात बरळत असेल बिचारी!"

डॉक्टरांनी हाक मारली. थोरलीने झाकण उघडलं. आत नुसतं फडकं.

"अगंबाई, मनी घरीच राहिली!"

"आता हो?"

"तरीच म्हटलं, आज आवाज इतका लांबून का येतोय!"