सासऱ्याचा पाना

हसू नका, पण बायकोले घेऊन धानोऱ्याकडं सासुरवाडीले गेलो, तर रोज सकाळी गाडीत 'बॅटरी तपासा' असा मेसेज ये. चंद्रपूरच्या मेकॅनिकले फोन लावला. तो म्हणे, "वीस किलोमीटर चालवा, आपोआप जाते." मी रोज चहाच्या आधी एकटाच गाडी फिरवून आणो. मेसेज जाये, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

चवथ्या दिवशी लवकर उठलो, तर सासरे पाना घेऊन बोनेटात वाकलेले.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"रात्री काढून ठेवलेली बॅटरीची वायर जोडून राह्यलो. ट्रॅक्टरचीबी रोज काढून ठेवतो. बॅटरी उतरत नाई."

"अहो, म्हणूनच मले रोज वीस किलोमीटर जा लागते!"

सासरे घराकडं तोंड करून ओरडले, "अवो, जवाई कोणाले भेटाले नाई जात, गाडीसाठी जाते! पोरीले म्हणा, आता रडणं बंद कर!"